१८६५० : सेलवरचे आकडे वाचताना

टॉर्चमध्ये घालतो त्या पेन्सिल सेलपेक्षा थोडा जाड आणि थोडा लांब असा एक सेल गेल्या काही वर्षांत आपल्या आजूबाजूला बराच दिसू लागला आहे. वर निळे, हिरवे किंवा जांभळे प्लास्टिकचे पातळ आवरण, आणि त्यावर छापलेला आकडा : १८६५०. लॅपटॉपची निकामी बॅटरी उघडली तर आत हेच सेल ओळीने बसवलेले सापडतात. चार्जिंगच्या टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत, हातातल्या ड्रिल मशीनमध्ये, विजेवर चालणाऱ्या काही दुचाक्यांच्या बॅटरीतही तेच असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास ते सुटे विकत मिळतात, आणि तिथून ते विज्ञान प्रदर्शनातल्या गाड्यांमध्ये, रोबोंमध्ये आणि सौरदिव्यांमध्ये येऊन बसतात.

असा प्रकल्प करणारा विद्यार्थी कधीतरी आपल्याला विचारतो, ''सर, तीन हजारवाला सेल घेऊ की नऊ हजार नऊशेवाला? नऊ हजारवाला तर स्वस्तच आहे!''

मोठा आकडा तो चांगला, हे उत्तर चटकन सुचते. ते किती महाग पडू शकते, याचा अनुभव आपल्या आधी एका निराळ्याच गटाने घेतला आहे. तो गट म्हणजे अमेरिकेतले आणि युरोपातले ई-सिगरेट ओढणारे लोक. सेलच्या निवडीबद्दल आज जे शहाणपण उपलब्ध आहे, त्यातले बरेचसे त्यांच्या भाजलेल्या मांड्यांतून आलेले आहे.

निवड कोणी करायची?

ई-सिगरेटमध्ये तंबाखू जळत नाही. एका बारीक तारेच्या वेटोळ्यात कापूस असतो, तो निकोटीन मिसळलेल्या द्रवाने भिजलेला असतो. बटण दाबले की सेलमधला प्रवाह वेटोळ्यातून जातो, तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. चीनमधील हॉन लिक या औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास हे उपकरण आजच्या रूपात आणले. भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने त्याचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. निकोटीनचे व्यसन हा स्वतंत्र विषय आहे आणि शाळांच्या दृष्टीने गंभीरही आहे. इथे आम्ही त्या उपकरणाकडे फक्त विजेच्या बाजूने पाहणार आहोत.

सुरुवातीच्या ई-सिगरेटी छोट्या होत्या आणि त्यांचा सेल आत कायमचा बसवलेला असे. पण लोकांना अधिक वाफ हवी होती. अधिक वाफेसाठी अधिक उष्णता, अधिक उष्णतेसाठी अधिक प्रवाह. मग हातात मावेल अशी नळी किंवा डबी आली. तिच्यात एक, दोन किंवा तीन सुटे १८६५० सेल घालायचे, संपले की काढून दुसरे घालायचे. इथे एक महत्त्वाचा बदल झाला. लॅपटॉपमध्ये कोणता सेल घालायचा हे एक अभियंता ठरवतो, आणि त्या सेलवर रात्रंदिवस पहारा करणारे एक छोटे विद्युत मंडल त्याच पॅकमध्ये असते. सेल फार भरला, फार रिकामा झाला, फार तापला किंवा त्यातून फार प्रवाह जाऊ लागला, की ते मंडल जोडणी तोडते. ई-सिगरेटच्या नळीत मात्र सेलची निवड गिऱ्हाईक करू लागले, आणि काही प्रकारांत पहारेकरी नव्हताच. सेल, बटण, वेटोळे, बस्स.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात वृत्तपत्रे व इतर माध्यमांत आलेल्या बातम्यांवरून त्यांनी ई-सिगरेटच्या आगीचे आणि स्फोटांचे १९५ प्रसंग मोजले. त्यांत १३३ जण जखमी झाले, त्यातले ३८ गंभीर. बातमी न झालेले प्रसंग अर्थातच यात नाहीत. निम्म्याहून अधिक प्रसंग दोनच परिस्थितींत घडले होते : उपकरण वापरात असताना, किंवा उपकरण वा सुटा सेल खिशात असताना. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये फुटलेल्या उपकरणाचे तुकडे लागून एकेक मृत्यूही झाला.

खिशात ठेवलेला सेल, कशालाही न जोडलेला, पेट का घेतो? त्यासाठी आत डोकवायला हवे.

सुरळीच्या वडीसारखा

आधी बाहेरचा आकडा. १८ म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, ६५ म्हणजे लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार दंडगोल. म्हणजे १८६५० हे फक्त माप आहे. आतला माल कोणता आणि किती चांगला, याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. बुटाचा नंबर जसा चामड्याविषयी काही सांगत नाही, तसेच हे.

आत लांबलचक पट्ट्या एकावर एक ठेवून सुरळीच्या वडीसारख्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. एक पट्टी ॲल्युमिनियमच्या वर्खाची, तिच्यावर कोबाल्ट, निकेल किंवा मँगनीज यांच्या लिथियमयुक्त ऑक्साइडचा लेप. हा धन इलेक्ट्रोड. दुसरी पट्टी तांब्याच्या वर्खाची, तिच्यावर ग्रॅफाइटचा लेप. हा ऋण इलेक्ट्रोड. दोन्हींच्या मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही पातळ. आणि हे सगळे एका द्रवात भिजलेले. सेल भरताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना उलट परत येतात. ब्रिटनमध्ये जन्मलेले स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, अमेरिकेचे जॉन गुडइनफ आणि जपानचे अकिरा योशिनो यांच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या कामातून हा घट उभा राहिला. सोनी कंपनीने तो १९९१ मध्ये बाजारात आणला आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

एक खुलासा इथेच करून टाकू. लिथियम म्हटले की पाण्यात टाकलेला धातूचा तुकडा आणि त्याची खळबळ आपल्याला आठवते. धडधाकट लिथियम-आयन सेलमध्ये धातुरूप लिथियम नसतो. धोका येतो तो मुख्यतः त्या द्रवातून. पाण्यात विरघळवलेले आम्ल किंवा अल्कली इथे चालत नाही, कारण जवळजवळ चार व्होल्टला पाण्याचेच विघटन होईल. म्हणून सेंद्रिय द्रावक वापरावे लागतात, आणि ते पेट्रोलसारखे ज्वालाग्राही असतात.

आता त्या अंगठ्याएवढ्या नळीत ऊर्जा किती, याचा हिशेब करू. चांगल्या सेलची क्षमता ३००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ३ अँपिअर-तास धरा. सरासरी दाब ३.६ व्होल्ट. गुणाकार १०.८ वॅट-तास, म्हणजे सुमारे ३९,००० ज्यूल. २७ अंश सेल्सियसचे १२५ ग्रॅम पाणी उकळीला आणायला साधारण ३८,००० ज्यूल लागतात. म्हणजे एका भरलेल्या सेलमध्ये एक कप चहाचे पाणी उकळण्याइतकी ऊर्जा आहे. ती दोन-तीन तासांत हळूहळू निघाली तर टॉर्च जळतो. काही सेकंदांत निघाली तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकतो. आणि ही फक्त विजेची ऊर्जा झाली. आतला द्रव जळला तर त्याची उष्णता वेगळीच.

ती काही सेकंदांत निघते कशी? सेल कोणत्याही कारणाने ८०-१०० अंशांच्या वर गेला की ग्रॅफाइटवरचे संरक्षक कवच विघटित होऊ लागते, आणि त्या विघटनातूनच उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास मधला प्लास्टिकचा पडदा वितळतो, दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. तापमान आणखी चढले की धन बाजूचे ऑक्साइड स्वतःजवळचा ऑक्सिजन सोडू लागते. इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता तिन्ही एकाच बंद डब्यात. ओल्या कडब्याची गंज आतून तापत तापत पेटते हे शेतकऱ्यांना माहीत असते. तिथे दिवस लागतात, इथे सेकंद पुरतात.

डबा पोलादी असतो. वाफेचा दाब वाढला की सुटावा म्हणून वरच्या टोकाला एक झडप ठेवलेली असते. पण असा सेल जर दोन्ही बाजूंनी बंद धातूच्या नळीत असेल, तर नळीचा सर्वांत कमकुवत भाग म्हणजे तिचे टोक. ते उडते, आणि उरलेला भाग अग्निबाणासारखा उलट दिशेने सुटतो. मोबाइल फोन पेटला तर जळतो, पण ई-सिगरेट उडते, हा फरक वर सांगितलेल्या संस्थेनेच नोंदवला आहे, आणि त्याचे कारण रसायनात नसून आकारात आहे.

खिशातली चिल्लर

जुना जस्त-कार्बनचा सेल किल्ल्यांबरोबर खिशात ठेवला तर फार तर कोमट होतो. त्याचे श्रेय त्याच्या अंतर्गत रोधाला. पाठ्यपुस्तकात आपण हा रोध शिकवतो आणि विद्यार्थ्यांना तो परीक्षेपुरता वाटतो, पण इथे तो जिवाशी येतो. पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध साधारण अर्धा ओहम धरा. दोन्ही टोके थेट जोडली तर प्रवाह १.५ भागिले ०.५, म्हणजे ३ अँपिअर. आता लिथियम-आयन सेल घ्या. त्याचा अंतर्गत रोध सुमारे ०.०३ ओहम आणि भरलेला असताना दाब ४.२ व्होल्ट. प्रवाह ४.२ भागिले ०.०३, म्हणजे १४० अँपिअर! सेलच्या पोटात निर्माण होणारी उष्णता जवळजवळ ६०० वॅट, हजार वॅटच्या इस्त्रीच्या निम्म्याहून जास्त. प्रत्यक्षात किल्ल्यांच्या आणि नाण्यांच्या ढिल्या स्पर्शातही रोध असतो, त्यामुळे आकडा यापेक्षा कमी येईल. पण त्याच्या चौथा हिस्सा आला तरी मांडी भाजायला तो पुरेसा आहे.

इथे त्या पातळ रंगीत आवरणाचे महत्त्व लक्षात येते. पेन्सिल सेलप्रमाणे वरची टोपी धन आणि खालचा तळ ऋण असे आपण समजतो. पण या सेलचा तळ, बाजू आणि वरची कडसुद्धा, म्हणजे सगळा डबाच ऋण आहे. धन फक्त मधली टोपी. दोन्हींमध्ये अंतर केवळ काही मिलिमीटरचे. वरच्या कडेला आवरण फाटले असेल आणि एखादी धातूची पट्टी टोपीवरून कडेपर्यंत टेकली, तर झाले शॉर्ट सर्किट. ''थोडेसे तर फाटलेय'' असे म्हणून वापरलेल्या सेलांनी बरेच अपघात घडवले आहेत. फाटलेल्या आवरणाचा सेल वापरायचा नाही, आणि सुटा सेल प्लास्टिकच्या डबीशिवाय कुठे न्यायचा नाही. आमच्या मते निवडीच्या साऱ्या चर्चेपेक्षा या दोन गोष्टींनी जास्त अपघात टळतील. विमान कंपन्याही सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात न टाकता टोके झाकून हातातल्या पिशवीत नेण्याचा आग्रह धरतात. आग लागलीच तर ती डोळ्यांसमोर लागावी, हा त्यातला हिशेब.

वेटोळे आणि ओहमचा नियम

आता निवडीच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. सेलमधून सतत किती प्रवाह काढला तरी तो मर्यादेबाहेर तापत नाही, याचा एक आकडा उत्पादक ठरवून देतो. तो आकडा अँपिअरमध्ये असतो आणि सुरक्षिततेचा खरा आकडा तोच. क्षमता, म्हणजे मिलिअँपिअर-तास, एवढेच सांगते की सेल किती वेळ पुरेल. पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेतले तर क्षमता म्हणजे टाकीत किती पाणी मावते ते, आणि प्रवाहमर्यादा म्हणजे नळ किती रुंद आहे ते. टाकी मोठी म्हणून नळ रुंद असेलच असे नाही.

पहारेकरी मंडल नसलेल्या नळीत प्रवाह ठरतो तो थेट ओहमच्या नियमाने. वेटोळ्याचा रोध ०.५ ओहम असेल तर भरलेल्या सेलमधून ४.२ भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपिअर. अधिक वाफेसाठी लोक तार जाड करतात किंवा दोन वेटोळी समांतर जोडतात. ०.४ ओहमची दोन वेटोळी समांतर जोडली की रोध ०.२ ओहम, आणि प्रवाह २१ अँपिअर. ०.१ ओहमवर गेले की ४२ अँपिअर, आणि इतका सततचा प्रवाह सुरक्षितपणे देईल असा १८६५० सेल नाही. समांतर जोडणीतला रोध काढण्याचे नेहमीचेच गणित आहे. उत्तर चुकले तर तिथे गुण जात नाहीत, बोटे जातात.

विद्युत मंडल असलेल्या उपकरणांत गणित निराळे असते आणि ते थोडे फसवे आहे. तिथे वापरणारा वॅट ठरवतो, मंडल तेवढी शक्ती पुरवते. समजा ६० वॅट मागितले. सेल भरलेला असताना दाब ४.२ व्होल्ट, म्हणून प्रवाह १४.३ अँपिअर. सेल उतरून ३.२ व्होल्टवर आला तरी मंडल ६० वॅटच देणार, म्हणून आता प्रवाह १८.७५ अँपिअर. म्हणजे सेल जसा थकतो तसा त्याच्यावरचा भार वाढतो! १५ अँपिअर मर्यादेचा सेल सुरुवातीला जेमतेम पुरतो आणि शेवटी कमी पडतो. मंडलात वाया जाणारी ऊर्जा धरली तर आणखी कमी. साध्या नळीत याच्या उलट, सर्वाधिक प्रवाह सेल पूर्ण भरलेला असताना. हे दोन्ही हिशेब फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून मुलांना आलेख काढायला सांगावेत. ओहमचा नियम आणि शक्तीचे सूत्र यांतला फरक इतका स्पष्ट दाखवणारे उदाहरण सहज सापडणार नाही.

क्षमता आणि प्रवाह दोन्ही भरपूर असा सेल का बनवत नाहीत? कारण डबा तेवढाच आहे. वर्खावरचा लेप जाड केला की लिथियम जास्त मावतो, क्षमता वाढते. पण आयनांना जाड लेपातून लांब जावे लागते, रोध वाढतो, सेल लवकर तापतो. लेप पातळ ठेवून पट्टी लांब केली की प्रवाह सहज वाहतो, पण वर्ख आणि पडदाच जास्त जागा खातात. नावाजलेल्या उत्पादकांचेच आकडे पाहा. पॅनासॉनिकचा सुमारे ३४०० मिलिअँपिअर-तासांचा एक प्रसिद्ध सेल पाच-सहा अँपिअरच्या फार पलीकडे न्यायचा नसतो. सॅमसंगचा ३००० चा सेल १५ अँपिअर देतो, आणि २५०० चा २० अँपिअर. क्षमता उतरते तसा प्रवाह चढतो. म्हणून ''३५०० आणि ३५ अँपिअर'' असे दोन्ही एकाच सेलवर छापलेले दिसले, तर त्यातला निदान एक आकडा खोटा आहे किंवा त्याचा अर्थ काही वेगळाच आहे. पुष्कळदा तो काही सेकंदांपुरत्या झटक्याचा आकडा असतो. झटका किती सेकंदांचा, मध्ये विश्रांती किती, हे प्रत्येक विक्रेता आपल्या सोयीने ठरवतो, त्यामुळे तुलनेला तो निरुपयोगी आहे. सतत प्रवाहाचाच आकडा पाहावा.

नऊ हजार नऊशे

आता विद्यार्थ्याच्या त्या सेलकडे वळू. १८६५० च्या डब्याचे आकारमान साडेसोळा घन सेंटिमीटर भरते. नामांकित कारखान्यांना बरीच वर्षे त्यात ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच क्षमता बसवता आली आहे, आणि त्याच्या पुढची मजल थोडीथोडीच आहे. ९९०० म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट. असा शोध कोणी लावला असता तर तो टॉर्चच्या सेलवर स्वस्तात विकला गेला नसता! असे सेल उघडून आणि मोजून पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष क्षमता हजार-बाराशे, कधी त्याहूनही कमी आढळली आहे. कधी मोठ्या डब्यात छोटा सेल आणि उरलेल्या जागेत पूड भरलेली सापडते.

प्रयोगशाळेतल्या तराजूवर याची पहिली चाचणी होते. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ते ४९ ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅमचा निघाला तर पुढे काही तपासायची गरज नाही. वजन बरोबर भरले म्हणजे सेल खरा, असे मात्र म्हणता येत नाही. कारण बनावटीचा दुसरा प्रकार अधिक चलाख आहे. असे सेल बनवणारे मोठे कारखाने जगात मोजकेच आहेत. बाकीच्या बऱ्याच नावांचे विक्रेते त्यांच्याकडून किंवा भंगारातून सेल घेतात आणि स्वतःचे आवरण चढवतात. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेला, शेकडो वेळा भरून-उतरून थकलेला सेलही नव्या कोऱ्या आवरणात नवाच दिसतो. त्याचे वजन अगदी बरोबर असते.

आवरणावरची अक्षरे थोडी उपयोगी पडतात. आयसीआर असेल तर कोबाल्ट, आयएमआर असेल तर मँगनीज, आयएनआर असेल तर निकेलयुक्त मिश्रण, आयएफआर असेल तर लोह-फॉस्फेट. यांत शुद्ध कोबाल्टचा सेल उष्णतेत सर्वांत लवकर बिथरतो आणि लोह-फॉस्फेटचा सर्वांत सोशिक. पण लोह-फॉस्फेटचा दाब ३.२ व्होल्ट असतो आणि तो ३.६५ व्होल्टपर्यंतच भरायचा, ४.२ व्होल्टच्या चार्जरवर नाही. अर्थात ही अक्षरेही कोणीही छापू शकतो.

खुद्द उत्पादकांचे यावर काय म्हणणे आहे? सुटे सेल ग्राहकाने हाताळण्यासाठी नाहीतच, असे ते सांगत आले आहेत. काहींनी तर ई-सिगरेटमध्ये वापरण्यास मनाई असल्याचे आवरणावरच छापले. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही सुटे १८६५० सेल विकत घेऊ नयेत असा जाहीर इशारा दिला. यात उत्पादकांचे अंग काढून घेणेही थोडेसे असेल. पण मुद्दा खरा आहे : कारखान्याने हा सेल पॅकचा एक सुटा भाग म्हणून बनवला, आणि पहारा करण्याचे काम पॅकवर सोपवले. पॅकशिवायचा सेल म्हणजे ब्रेकशिवायची सायकल. आणि उत्तम कारखान्याचा मालही निर्दोष असतोच असे नाही. २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, कारण आत राहून गेलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे शॉर्ट सर्किट होत होते.

शाळेच्या प्रकल्पासाठी

ई-सिगरेटवाल्यांना सुट्या सेलशिवाय गत्यंतर नव्हते, कारण त्यांना वीस अँपिअर हवे होते. आपल्या विद्यार्थ्याच्या गाडीला किंवा दिव्याला बहुधा एक अँपिअरही लागत नाही. म्हणून आम्ही पहिले सुचवू ते हे की सुटा १८६५० घेऊच नये. निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल आकाराचे भरता येणारे सेल मिळतात. प्रत्येकी १.२ व्होल्ट, चार सेल एकसर जोडले की ४.८ व्होल्ट. त्यांच्यातला द्रव पाण्यावर आधारलेला असल्याने पेटत नाही. शॉर्ट झाले तर तेही चांगलेच तापतात, पण गोष्ट तिथेच थांबते. पाच व्होल्ट हवे असतील तर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घेतलेली पॉवर बँक वापरावी. पहारेकरी मंडल तिच्यात असतेच.

तरीही १८६५० वापरायचाच असेल तर तळाशी संरक्षक मंडल बसवलेला सेल मागावा. त्या मंडलामुळे तो काही मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे सेलची खोबण आधी मोजून घ्यावी. घरी किंवा शाळेत सेलवर थेट डाग देऊ नये. डागणीचे टोक तीनशे अंशांच्या आसपास असते आणि आतला पडदा १३० ला वितळतो, हे वर आलेच आहे. आम्ही पाहिलेल्या प्रदर्शनांतल्या प्रकल्पांत ही चूक सर्वांत जास्त दिसते, आणि डाग छान चकचकीत बसला म्हणून शाबासकीही मिळते! सेल घालायची तयार प्लास्टिकची खोबण दुकानात मिळते, ती वापरावी.

दोन सेल एकसर जोडायचे तर एकाच बनावटीचे, एकाच वेळी घेतलेले आणि कायम जोडीनेच वापरलेले असावेत. एक दमदार आणि एक थकलेला असेल तर थकलेला आधी रिकामा होतो, आणि दमदार सेल त्याच्यातून तरीही प्रवाह रेटत राहतो. अडीच व्होल्टच्या बराच खाली गेलेल्या सेलमध्ये तांब्याचा वर्ख विरघळू लागतो आणि पुढे भरताना तेच तांबे नको तिथे साचते. म्हणून कपाटात वर्षभर पडून शून्यावर आलेला सेल चार्जरला लावून जिवंत करायचा प्रयत्न करू नये. भरण्यासाठी लिथियम-आयनसाठीचाच, ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा चार्जर हवा. मोबाइलच्या चार्जरची पाच व्होल्टची वायर थेट सेलला जोडणे म्हणजे आग लावण्याची तयारी करणे. भरताना सेल फरशीवर किंवा चिनी मातीच्या ताटलीत ठेवावा आणि कोणीतरी खोलीत असावे. रात्रभर कुलूपबंद प्रयोगशाळेत तर मुळीच नको.

सेल हाताला चटका बसेल इतका तापला, फुगला, फसफसला किंवा त्यातून गोडसर वास येऊ लागला तर तो उचलायला जाऊ नये. मुलांना आधी बाहेर काढावे, कारण धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. एखादाच छोटा सेल पेटला असेल आणि सुरक्षित अंतरावरून शक्य असेल तर त्यावर भरपूर पाणी ओतावे. लिथियमवर पाणी कसे, ही शंका येईल, पण आत धातुरूप लिथियम नाही हे आपण पाहिले. वाळूने ज्वाला झाकली जाते, पण आतली उष्णता तशीच राहते आणि सेल पुन्हा पेटतो. पाणी ती उष्णता काढून नेते. एकाहून अधिक सेल असतील तर थांबू नये, बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे.

निकामी सेल कचऱ्याच्या डब्यात टाकला तर कचरागाडीत दाबला जाऊन पेटतो. ब्रिटनमध्ये फेकून दिलेल्या एकदाच वापरायच्या ई-सिगरेटींमुळे कचरा डेपोंना आगी लागत, आणि जून २०२५ पासून तिथे त्यांच्या विक्रीवर बंदी आली, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात सेल देईपर्यंत त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि तो काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात, कागदांच्या गठ्ठ्यांपासून दूर ठेवावा.